घर कुठे संपते? कुत्र्याच्या स्वच्छतेचा इतिहास

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी आपल्याकडे म्हण आहे. मूळ स्वभाव बदलत नाही हे सांगायला आपण ती वापरतो. शेपटीपुरती ती खरी असेलही, पण कुत्र्यावर ती अन्याय करते. माणसाच्या सहवासात राहून कुत्र्याइतक्या तऱ्हेतऱ्हेच्या गोष्टी शिकलेला दुसरा प्राणी सापडणे कठीण. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून देणारा पोलिसांचा ‘जंजीर’ पुण्याच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकूनच तयार झाला होता. तरीही घरी आणलेल्या दोन महिन्यांच्या पिल्लाने सतरंजीवर लघवी केली की घरातली शहाणीसुरती माणसे हतबल होतात. कुणी पिल्लाचे नाक त्या ओल्या जागेवर घासतो, कुणी वर्तमानपत्राची सुरळी करून मारतो, आणि पंधरा दिवसांनी ‘याला काही शिकवता येत नाही’ असा निकाल लागतो.

या निकालावर त्या पिल्लाचे जगणे-मरणे अवलंबून असते. ‘घरात घाण करतो’ म्हणून सोडून दिलेले पिल्लू रस्त्यावर येते, आणि रस्त्यावर पिल्लाची काय गत होते हे आता आकड्यांत सांगता येते. कोलकात्याच्या ‘आयसर’ या संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोकाट कुत्र्यांच्या ३६४ पिल्लांच्या नोंदी ठेवल्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार त्यांतली अवघी १९ टक्के पिल्ले प्रजननाच्या वयापर्यंत पोहोचली. जी मेली त्यांतल्या बहुतेकांच्या मृत्यूला या ना त्या प्रकारे माणूस कारणीभूत होता. ही रस्त्यावरच जन्मलेली, आईच्या देखरेखीखालची पिल्ले होती. घरातून बाहेर काढलेल्या पिल्लाला तर आईही नसते.

म्हणून सतरंजीवरच्या त्या ओल्या डागाकडे जरा गंभीरपणे पाहू या. आमचा प्रश्न असा आहे: कुत्र्याला स्वच्छता माणूस शिकवतो, की ती त्याच्याकडे आधीच असते? आणि आधीच असेल, तर घरात आल्यावर ती कुठे जाते?

जिथे हा प्रश्नच नाही

बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुसरबीड लागते. तिथे, किंवा आसपासच्या कोणत्याही गावात, ‘तुम्ही कुत्र्याला घरात घाण न करायला कसे शिकवता?’ असे विचारून पाहा. लोक बहुधा हसतील. कुत्रा घरचा असतो, पण घरात नसतो. त्याची जागा ओट्याखाली, गोठ्याच्या कडेला, कडब्याच्या गंजीच्या आडोशाला. भाकरीचा तुकडा त्याला दारात टाकला जातो. तो रात्री राखण करतो, मालकाबरोबर शेतात जातो, आणि चुकून उंबरठ्याच्या आत आला तर ‘हाड्’ म्हटले की मागे फिरतो.

भाषेतही याची खूण आहे. राखणीचा कुत्रा, शिकारी कुत्रा, पाळीव कुत्रा, पिसाळलेला कुत्रा असे सगळे शब्दप्रयोग मराठीत आहेत. पण कुत्र्याला घरात मलमूत्र न करण्याची सवय लावणे, या कामाला एका शब्दाचे रुळलेले नाव नाही. जे काम कधी करावे लागले नाही, त्याला नाव कोण देणार?

याचा अर्थ गावातली कुत्री कुठेही घाण करतात असा मात्र नाही. गंजीच्या आडोशाला व्यालेली कुत्री आणि तिची पिल्ले थोडे दिवस दुरून पाहिली, तर झोपायची जागा कोरडी राहते असे दिसते. जरा मोठी झालेली पिल्ले उठतात, चार पावले बाजूला जातात आणि तिथे बसतात. महिन्याभराने ती उकिरड्यापर्यंत किंवा बांधापर्यंत जाऊ लागतात. कुणी त्यांचे नाक घासलेले नसते, कुणी सुरळीने मारलेले नसते. मग हे त्यांना कुणी शिकवले?

बिळातला नियम

याचे उत्तर कुत्र्याच्या पूर्वजात आहे. कुत्रा लांडग्यापासून आला आणि लांडगी आपली पिल्ले बिळात किंवा गुहेत वाढवते. जो प्राणी अनेक आठवडे एकाच जागी पिल्ले ठेवतो, त्याला ती जागा स्वच्छ ठेवावीच लागते. विष्ठेतून जंतांची अंडी पसरतात, आणि वासाने शत्रूला बिळाचा पत्ता लागतो. ज्या माद्यांची बिळे स्वच्छ राहिली त्यांची पिल्ले अधिक जगली. हजारो पिढ्यांच्या या निवडीतून एक साधा नियम पक्का झाला: जिथे झोपायचे तिथे घाण करायची नाही.

हा नियम शरीरात कसा बसवलेला आहे ते पाहण्यासारखे आहे. नवजात पिल्लू स्वतःहून लघवी किंवा शी करूच शकत नाही. आई त्याचे पोट आणि शेपटीखालचा भाग चाटते, त्या स्पर्शाने प्रतिक्षिप्त क्रिया होते आणि मूत्राशय रिकामे होते. जे बाहेर पडते ते आई चाटून टाकते. पहिले दोन-तीन आठवडे बिछाना कोरडा राहतो तो असा. मग पिल्लाचे डोळे उघडलेले असतात, पाय शरीराचा भार पेलू लागतात, आणि त्याच सुमारास ही प्रतिक्षिप्त क्रिया मागे पडून पिल्लू आपल्या आपण मोकळे होऊ लागते. म्हणजे चालायची शक्ती आणि स्वतः मोकळे होण्याची क्षमता पिल्लाला जवळजवळ एकाच वेळी मिळते. उठून बाजूला जाता येईपर्यंत सगळी जबाबदारी आईची असते.

अमेरिकेत मेन राज्यातील बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना असे आढळले, की साधारण तिसऱ्या आठवड्यापासून पिल्ले झोपायची जागा सोडून मलमूत्र करू लागतात आणि सुमारे साडेआठ आठवड्यांपर्यंत त्यासाठी ठरावीक जागा धरतात. त्या जागेचा वास आणि पायाखालचा स्पर्श, म्हणजे माती, गवत की फरशी, हेही याच वयात मनात बसते. जे पिल्लू या काळात पिंजऱ्यात, आपल्याच घाणीत वाढते, त्याचा हा उपजत नियम बोथट होतो. विक्रीच्या दुकानातून आणलेल्या काही पिल्लांना सवय लावणे जड का जाते, याचे एक कारण हे आहे.

गोठ्यातल्या गाईकडे पाहिले की हा फरक ध्यानात येतो. गाय चरत चरत फिरणारा प्राणी. तिचे वासरू जन्मल्यावर लवकरच उभे राहते आणि आईमागे चालू लागते. जिला बीळ नाही तिला बीळ स्वच्छ ठेवण्याचा नियमही नाही. म्हणून ती उभ्या जागी शेण टाकते. पण नियम उपजत नसला तरी शिकता येतो. जर्मनीत केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६ वासरांना लघवीसाठी ठरावीक जागी जायला शिकवण्यात आले. योग्य जागी लघवी केली की खाऊ, भलतीकडे केली तर अंगावर पाण्याचा हलका शिडकावा. १६ पैकी ११ वासरे शिकली. जे वासराला जमते ते बिळाचा नियम घेऊनच जन्मलेल्या पिल्लाला का जमू नये?

उंबरठ्याबाहेरची हजारो वर्षे

कुत्रा माणसाजवळ आला त्याला किमान चौदा-पंधरा हजार वर्षे झाली. जर्मनीतील बॉन-ओबरकासेल येथे १९१४ मध्ये एका पुरुषाच्या आणि एका स्त्रीच्या सांगाड्यांबरोबर सापडलेली हाडे पुढे कुत्र्याची म्हणून ओळखली गेली. ती सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीची आहेत. २०१८ मधील अभ्यासानुसार तो कुत्रा म्हणजे सुमारे सात महिन्यांचे पिल्लू होते. त्याला डिस्टेंपरसारखा गंभीर आजार होऊन गेला होता, आणि त्या आजारातही ते काही आठवडे जगले होते. माणसांनी काळजी घेतल्याशिवाय हे शक्य झाले नसते.

महाराष्ट्रातली कुत्र्याची ओळखही जुनी आहे. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात दायमाबाद येथे १९७४ मध्ये काही कांस्यमूर्ती सापडल्या. त्यांत दोन बैल जुंपलेला एक रथ आहे आणि त्याच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. या मूर्तींच्या काळाबद्दल तज्ज्ञांत मतभेद असले तरी त्या साडेतीन हजार वर्षांहून अलीकडच्या नसाव्यात, असे बहुतेक जण मानतात. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन करून इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. तिथल्या पाळीव जनावरांच्या हाडांत कुत्र्याचीही हाडे आहेत.

पुढच्या काळातही कुत्रा आपल्या गोष्टींत सतत आहे. तो खंडोबाबरोबर आहे, दत्ताच्या पायाशी आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची कथा घराघरांत सांगितली जाते. साताऱ्याच्या शाहू महाराजांचे प्राण शिकारीत वाचवणाऱ्या खंड्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला आहे. धनगरांच्या वाड्यावर तर कुत्र्यावाचून मेंढरे राहणेच अवघड. या सगळ्या चित्रांत कुत्र्याला मान आहे, माया आहे. पण तो आहे तो रथाच्या दांडीवर, देवळाच्या आवारात, वाड्याच्या कडेला, शिकारीच्या रानात. त्याचे येणे-जाणे त्याच्या मर्जीचे आहे. पोटात कळ आली की उठून जायला त्याच्यापुढे दार बंद नाही. उंबरठ्याबाहेरच्या या व्यवस्थेत बिळातला नियम आपोआप पाळला जात होता.

आजही ही व्यवस्था टिकून आहे. भद्रा यांच्याच गटाने मोकाट कुत्र्यांच्या विण्याच्या जागांची पाहणी केली. कुत्र्या पिल्लांसाठी माणसांपासून लांबची नव्हे, तर माणसांच्या वस्तीलगतची जागा निवडतात असे त्यांना दिसले. कुत्र्याला माणूस हवा असतो, आणि त्याबरोबर जाण्या-येण्याची मोकळी वाटही हवी असते.

दार बंद झाले

ही वाट पहिल्यांदा अडली ती शहरात. मुंबईतली १८३२ ची घटना इथे आठवण्यासारखी आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत बेवारशी कुत्री मारण्याचा नियम कंपनी सरकारने आधीच केला होता. त्या वर्षी ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली गेली. प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस असल्याने मारेकरी घरांच्या आवारातली कुत्रीही धरू लागले. पारशी धर्मात कुत्र्याला विशेष स्थान आहे. अंत्यविधीतल्या ‘सगदीद’ या विधीत मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते. ६ जून १८३२ रोजी पारशी समाजातील लोकांनी कुत्री पकडणाऱ्या शिपायांवर हल्ला केला, दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला आणि अखेर लष्कर बोलवावे लागले. भांडणाचे निमित्त धर्माचे होते, पण त्याच्या तळाशी एक नवा प्रश्न होता: घराच्या पायरीवर बसलेला कुत्रा घरचा की रस्त्याचा? गावाला हा प्रश्न कधी पडला नव्हता. शहराच्या कायद्याला मात्र घर कुठे संपते हे ठरवायचे होते.

दुसरा बदल साहेबाच्या बंगल्यात झाला. इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्याबरोबर आणलेली कुत्री दिवाणखान्यात वावरत. बंगल्यात गालिचे असत, पण नोकरही असत. कुत्र्याला वेळेवर बाहेर नेणे हे ‘डॉग-बॉय’ म्हणून ठेवलेल्या पोऱ्याचे काम असे. लंडनमध्ये १८७३ मध्ये केनेल क्लब स्थापन झाला, कुत्र्यांच्या जातींच्या नोंदी सुरू झाल्या आणि घरात पाळलेला जातिवंत कुत्रा हे प्रतिष्ठेचे लक्षण बनले. ही हौस हळूहळू आपल्या शहरांतल्या सुखवस्तू घरांतही आली. फक्त तो पोऱ्या सगळ्यांकडे नव्हता.

तिसरा आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे बहुमजली इमारत. महाराष्ट्रात १९६० मध्ये सहकारी संस्थांचा आणि १९६३ मध्ये फ्लॅटच्या मालकीविषयीचा कायदा झाला, आणि पुढच्या दशकांत वाडे पाडून शहरोशहरी सोसायट्या उभ्या राहिल्या. १९८० आणि १९९० च्या दशकांत अशा घरांतून ‘पॉमेरेनियन’ म्हणून ओळखली जाणारी पांढरी, केसाळ कुत्री सर्रास दिसू लागली. तिसऱ्या मजल्यावर परस नाही, उकिरडा नाही, उघडे दार नाही. इथे पिल्लाची आई नाही आणि वाट दाखवणारी मोठी कुत्रीही नाहीत. पिल्लाचा नियम तोच आहे: झोपायच्या जागेपासून दूर जा. ते आपल्या टोपलीतून उठते, आठ-दहा पावले चालते आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात बसते. त्याच्या हिशेबाने ते बिळाबाहेर आलेले असते. आपल्या हिशेबाने ते घरातच असते.

आमच्या मते सगळा घोळ या दोन हिशेबांतला आहे. पिल्लू नियम मोडत नाही. बीळ केवढे आहे याचा नकाशा तेवढा त्याच्याकडे नसतो.

काठीची परीक्षा

हा नकाशा त्याला कसा द्यायचा? इथे आपल्याला विसाव्या शतकातल्या विज्ञानाकडे वळावे लागते.

पचनाच्या अभ्यासासाठी १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिले, की मेट्रोनोमची टिकटिक आणि अन्न पाठोपाठ येत राहिले तर नुसत्या टिकटिकीनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. त्याआधी १८९८ मध्ये अमेरिकेतील एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. ज्या कृतीनंतर सुख मिळते ती कृती प्राणी पुन्हा करतो, हे त्यांतून पुढे आले. दोन्ही शोधांत कळीचा शब्द एकच: ‘पाठोपाठ’. दोन घटनांत वेळ गेला की त्यांचा संबंध तुटतो.

कुत्री शिकवणाऱ्यांनी मात्र बराच काळ सक्तीवर भिस्त ठेवली. जर्मनीतील पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट यांचे १९१० मधील पुस्तक या क्षेत्रात पायाभूत मानले जाते. बक्षिसाचे महत्त्व त्यात आहे, पण सक्तीलाही मोठी जागा आहे. पोलीस आणि लष्करी कुत्र्यांसाठीच्या अशा पद्धती पुढे घरगुती कुत्र्यांपर्यंत झिरपल्या. नाक घासण्याचा आणि सुरळीने मारण्याचा ‘उपाय’ याच वातावरणात टिकून राहिला.

त्या सुरळीचीच परीक्षा १९६८ मध्ये झाली. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिल्लांपुढे दोन ताटल्या ठेवल्या: एकीत आवडते मांस, दुसरीत रोजचे कोरडे खाणे. मांसाला तोंड लावले की वर्तमानपत्राच्या सुरळीचा फटका. एका गटाला फटका तत्काळ, दुसऱ्याला पाच सेकंदांनी, तिसऱ्याला पंधरा सेकंदांनी. शिक्षक खोलीत असताना तिन्ही गट मांसापासून दूर राहायला शिकले. मग शिक्षक खोलीबाहेर गेला. तत्काळ फटका मिळालेली पिल्ले सरासरी सुमारे दोन आठवडे मोहाला बळी पडली नाहीत. पाच सेकंदांवाली सुमारे आठ दिवस. आणि पंधरा सेकंदांवाली काही मिनिटेच.

पंधरा सेकंद म्हणजे स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात येऊन डाग दिसायला आणि सुरळी शोधायला लागतो त्याहून कमी वेळ. उशिरा मार खाल्लेल्या पिल्लाला ‘सतरंजीवर करू नये’ हे कळत नाही. त्याला एवढेच कळते, की माणूस आणि ओली जागा एकत्र आली की मार बसतो. मग ते माणसासमोर लघवी करायचे टाळते, आणि कपाटामागे, पलंगाखाली जाऊन करते. बाहेर फिरायला नेले तर मालकासमोर काहीच करत नाही आणि घरी येताच आडोसा गाठते. अशा वेळी मालक म्हणतो, ‘हा मुद्दाम करतो.’ प्रत्यक्षात मालकाने जे शिकवले तेच तो करत असतो.

‘पण त्याला कळते हो, चेहरा बघा कसा अपराधी करतो!’ हेही नेहमी ऐकू येते. न्यूयॉर्कमधील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये याची तपासणी केली. मालक बाहेर गेला असता कुत्र्याने खरोखर आज्ञा मोडली की नाही, याचा त्या चेहऱ्याशी संबंध दिसला नाही. मालक रागावला की चेहरा पडत होता, मग कुत्र्याने काही केलेले नसले तरीही. तो चेहरा पश्चात्तापाचा नसतो. समोरच्याचा राग शांत व्हावा यासाठी केलेली ती अजिजी असते.

पुढच्या अभ्यासांनी हेच बळकट केले. ब्रिटनमध्ये २००४ मध्ये साडेतीनशेहून अधिक मालकांची पाहणी प्रसिद्ध झाली. मलमूत्राची सवय लावणे हाही त्यातला एक विषय होता. बक्षिसावर अधिक भर देणाऱ्यांची कुत्री अधिक ऐकणारी निघाली. शिक्षेवर भर देणाऱ्यांच्या कुत्र्यांत वागणुकीच्या तक्रारी अधिक होत्या. पोर्तुगालमध्ये २०२० मध्ये ९२ कुत्र्यांवर केलेल्या अभ्यासात कठोर पद्धतीने शिकणाऱ्या कुत्र्यांच्या लाळेत प्रशिक्षणानंतर कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचे प्रमाण अधिक वाढलेले आढळले.

बीळ हळूहळू मोठे करणे

मग करायचे काय? उपाय त्या जुन्या नियमातूनच निघतो: पिल्लाचे बीळ हळूहळू आपल्या घराएवढे मोठे करायचे.

सुरुवातीला पिल्लाला सगळे घर मोकळे देऊ नये. एखादा कोपरा किंवा छोटी खोली द्यावी. एवढी जागा ते सहज ‘आपली’ मानते आणि कोरडी ठेवते. तिथे काही आठवडे सवय टिकली की पुढची खोली उघडावी.

बाहेर नेण्याच्या वेळा पिल्लाच्या शरीराला विचारून ठरवाव्यात. पोटात अन्न गेले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, म्हणून खाल्ल्यावर थोड्याच वेळात. झोपेतून उठल्यावर लगेच. आणि खेळून झाल्यावर. पिल्लू जितक्या महिन्यांचे, त्यात एक मिळवला तर तितके तास ते जेमतेम धरू शकते, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाकडून तीन तासांहून जास्त अपेक्षा करणे चूक.

दर वेळी एकाच जागी न्यावे. कुत्र्याचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते. कालचा वास त्याला आजची जागा सांगतो. याच कारणाने घरातला डाग नीट धुवावा, पण अमोनिया असलेल्या द्रावणाने नव्हे, कारण तो वास लघवीच्या वासाच्या जवळचा असतो.

योग्य जागी काम झाले की तिथेच, एक-दोन सेकंदांत शाबासकी द्यावी. घरी परतल्यावर दिलेला खाऊ घरी परतण्याचे बक्षीस ठरतो. खाऊच हवा असेही नाही. कोलकात्याच्या गटाने २०१७ मध्ये दाखवले, की अनोळखी माणसावर विश्वास टाकायला मोकाट कुत्र्यांना खाण्यापेक्षा डोक्यावरून फिरलेला हात अधिक उपयोगी पडतो.

चूक होताना दिसली तर हलक्या आवाजाने थांबवून उचलून बाहेर न्यावे. नंतर दिसली तर मुकाट्याने पुसून टाकावे. आणि चांगली लागलेली सवय अचानक मोडली तर आधी पशुवैद्याकडे जावे. मूत्रमार्गाचा दाह किंवा जंत असू शकतात. वयात आलेला नर पाय वर करून ठिकठिकाणी थोडी थोडी लघवी करू लागतो, ती गोष्ट वेगळी. पश्चिम बंगालमधील काटवा येथे सुनील कुमार पाल यांनी मोकाट कुत्र्यांचा अभ्यास करून २००३ मध्ये दाखवले, की अशा खुणा नर अधिक करतात. हा कुत्र्यांचा आपसातला पत्रव्यवहार आहे.

शहरात आता बिळाची हद्द आणखी पुढे सरकली आहे. बृहन्मुंबई महानगरपालिकेने २००६ च्या स्वच्छता उपविधींत पाळीव जनावराची घाण रस्त्यावर तशीच सोडणाऱ्यासाठी ५०० रुपये दंड ठेवला. यामागे आरोग्याचे कारण आहे. कुत्र्याच्या विष्ठेतून पडणारी टॉक्सोकारा या गोल जंताची अंडी मातीत साधारण दोन ते चार आठवड्यांनी संसर्ग करण्याजोगी होतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाऊ शकतात. विष्ठा रोजच्या रोज उचलली आणि पिल्लाला वेळेवर जंताचे औषध दिले, तर ही साखळी तुटते. फक्त ही शिकवण कुत्र्याला द्यायची नसून मालकाला द्यायची आहे, आणि ती अधिक अवघड जाते.

वर्गासाठी

हा विषय वर्गात निरीक्षणासाठी चांगला आहे. आपल्या गल्लीत कुत्री व्यालेली असेल तर मुलांनी रोज ठरावीक वेळी पंधरा मिनिटे दुरून पाहून तक्ता करावा: पिल्लांचे वय, झोपायची जागा, मोकळे होण्याची जागा आणि या दोन जागांमधले अंदाजे अंतर पावलांत. वय वाढत जाते तसे अंतर कसे बदलते, याचा आलेख काढावा. पिल्लांना हात लावू नये. व्यालेली कुत्री चावते. कुणाला चावल्यास जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवून लगेच दवाखान्यात जावे, हेही याच धड्यात शिकवावे. दुसरबीडसारख्या गावातल्या मुलांना हा आलेख शहरातल्या मुलांपेक्षा सोपा जाईल. तिथे पिल्लांची वाट अजून मोकळी आहे.

शिक्षकांना आणखी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. मूल म्हणजे पिल्लू नव्हे. त्याला भाषा आहे, कारण सांगितले तर ते समजते. पण दोघांच्या बाबतीत दोन गोष्टी सारख्या आहेत. पहिली, शरीर तयार झाल्याशिवाय शिकवणे वाया जाते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये हजारांहून अधिक मुलांच्या नोंदींच्या आधारे हेच मांडले होते, की शौचाची सवय मुलाची तयारी पाहून लावावी, घाई करू नये. दुसरी, उशिरा दिलेली शिक्षा चुकीबद्दल काही शिकवत नाही, शिक्षा देणाऱ्याबद्दल मात्र बरेच शिकवते. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने २००९ मध्ये शाळेतल्या शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली. सॉलोमन यांची पिल्ले त्या कलमामागचे एक कारण दाखवतात: शिक्षक खोलीत असेपर्यंत तिन्ही गट सारखेच शहाणे होते. फरक दिसला तो शिक्षक बाहेर गेल्यावर.